गाव न सांगणारा समुपदेशक

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा सुरू केलं, दोनदा पुसलं. समुपदेशकाच्या खोलीत जे बोललं जातं ते खोलीतच राहावं, एवढी अक्कल मलाही आहे. पण केलेपी आणि इसिकेली, दोघंही हा किस्सा यांगोना पीत, त्या मुळीच्या पेयाच्या वाडग्याभोवती बसून अख्ख्या बेटाला सांगत सुटलेत. केलेपी सांगतो तेव्हा इसिकेली मूर्ख असतो. इसिकेली सांगतो तेव्हा केलेपी. मग म्हटलं, कुणीतरी मधलं लिहून ठेवलेलं बरं.

तर केलेपी.

समुपदेशक व्हायच्या आधी केलेपी नऊ वर्षं रेडिओवर मयतांची नावं वाचायचा. सकाळ, दुपार, संध्याकाळ. कोण गेलं, कुठल्या गावचं, मागे कोण कोण, माती कधी. फिजीतल्या कुठल्याही बेटावर जा, त्या वेळेला नवरा-बायकोचं भांडणसुद्धा थांबतं. नावं संपली की पुढं चालू. आवाज सपाट ठेवायचा, ही नोकरीची अट होती. केलेपीनं तो इतका सपाट ठेवला की एक दिवस त्यानं सख्ख्या मामाचं नाव वाचलं, खालच्या नावाकडे वळला, घरी गेला, जेवला, आणि ताट धुताना त्याला आठवलं की तो मामा आपलाच.

घाबरला तो. महिन्याभरात नोकरी सोडली आणि राजधानीत, सुवाला जाऊन समुपदेशनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला. माणसांचं ऐकायचं काम करू, म्हणजे आपल्या आतलं काहीतरी हलेल, असा त्याचा हिशोब. मग त्याला आमच्या बेटावर, बंदरालगतच्या दवाखान्यात नेमलं.

पहिली अडचण आवाजाची. "बुला, या, बसा," असं तो म्हणाला की माणूस दाराची चौकट धरून विचारायचा, "कोण गेलं?" एका म्हातारीला त्यानं बाहेर येऊन पूर्ण नावानं हाक मारली. ती म्हणाली, "अरे, मी आहे अजून."

दवाखाना चालवतात मेरेआनी सिस्टर. डॉक्टर पंधरा दिवसांनी येतो, सिस्टर कायम. त्यांनी केलेपीला बोलावलं.

"दारावर कागद लाव. तू कोण, काय शिकलास, काम कसं करतोस. लोकांना वाटतंय तू मेलेल्यांसाठी आहेस."

केलेपीनं कागद लावला. वर नाव, पदविका. खाली लिहिलं, मी तुमचं ऐकेन. तुम्ही तुमच्या वेळेनं बोला. मी मत देणार नाही. मी स्वतःबद्दल बोलणार नाही. शेवटच्या ओळीखाली त्यानं रेघ मारली, कारण सुवातल्या बाईंनी फळ्यावर तिच्याखाली तीन मारल्या होत्या.

सिस्टरनी कागद वाचला. "गाव कुठाय?"

"त्याची गरज नसते, सिस्टर. आपल्या गोष्टी मध्ये आणायच्या नसतात. सीमारेषा असते."

"गाव नसलेला माणूस म्हणजे किनाऱ्याला लागलेला ओंडका," सिस्टर म्हणाल्या. "कुणी बसेल फार तर. बोलणार नाही."

पहिला मोठा रुग्ण आला तो इसिकेली.

इसिकेली शाळेची होडी चालवायचा. समोरच्या छोट्या बेटावरची बावीस पोरं सकाळी आमच्या बेटाच्या दुसऱ्या टोकाला शाळेत आणायची, दुपारी सोडायची. अठरा वर्षं. धक्क्यामागचं पत्र्याचं घर त्या नोकरीबरोबरचं. दोन महिन्यांपूर्वी त्याची बायको वासिती गेली आणि त्या दिवसापासून इसिकेलीनं तोंड मिटलं ते मिटलंच. लोकांना वाटलं, दुःख आहे, बोलेल हळूहळू. होडी चालवत होता, नीट चालवत होता. पण एका सकाळी लाट आडवी आली तेव्हा एक पोरगा काठावर उभा होता, आणि इसिकेलीनं त्याला "खाली बस" म्हटलं नाही. नुसता बघत राहिला. पोरगा पडला नाही, नशीब.

शाळा समितीनं होडीची किल्ली काढून घेतली. समितीचे अध्यक्ष एरोनी मास्तर, निवृत्त मुख्याध्यापक. ते म्हणाले, "मुका माणूस मासे नेऊ शकतो. पोरं नाही नेऊ शकत." महिनाअखेरपर्यंत समुपदेशकाचा कागद आणायचा, माणूस ठीक आहे असा. नाहीतर होडी दुसऱ्याला. होडी गेली की घर गेलं.

इसिकेली आला, खुर्चीत बसला. बावन्न वर्षांचा, दाढी वाढलेली, काळा सदरा. केलेपीनं शिकवल्याप्रमाणे वाट पाहिली. तासभर दोघं बसले. भिंतीवरच्या पालीनं तीन माश्या खाल्ल्या. निघताना दाराशी इसिकेली थांबला आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा बोलला.

"गाव कुठलं तुझं?"

केलेपीनं वही उघडली. "आपण इथं तुमच्याबद्दल बोलायला बसतो," तो म्हणाला.

इसिकेलीनं मान हलवली आणि गेला.

आता खरं काय ते सांगतो. केलेपीला सीमारेषेची काळजी होती, पण तेवढीच नव्हती. फाइलमध्ये इसिकेलीचं गाव त्यानं आधीच वाचलं होतं. वुनितावोला. समुद्रावरचं. केलेपी देलाइकुरोचा, आतल्या डोंगरातला. ही दोन गावं तौवू. म्हणजे दोघांचे मूळ देव सख्खे भाऊ. वुनितावोलाच्या देवानं देलाइकुरोच्या देवाचं कोनफळ चोरलं, ही गोष्ट दोन्ही गावांत पोरांनाही पाठ. तौवू भेटला की त्याला वाटेल ते बोलायचं, त्याच्या देवाचा, आज्याचा, नाकाचा उद्धार करायचा, त्याच्या घरातली कोंबडी न विचारता उचलायची, त्याच्याकडच्या मयतीला जाऊन सगळे रडत असताना खिदळायचं. हे नुसतं चालतं असं नाही, करावंच लागतं. आणि समोरच्यानं रागवायचं नाही.

म्हणजे केलेपीनं गाव सांगितलं की त्याला या माणसाची चेष्टा करणं भाग होतं. दोन महिन्यांपूर्वी बायको गेलेल्या माणसाची. दवाखान्यात. दारावर "मी मत देणार नाही" लावून.

म्हणून त्यानं गाव लपवलं. आमच्याकडे माणूस वय लपवतो, कर्ज लपवतो, दुसरी बायकोसुद्धा लपवतो. गाव लपवलेला हा पहिलाच.

दुसऱ्या आठवड्यात इसिकेली आला, तासभर बसला, दाराशी विचारलं, "गाव?" केलेपी म्हणाला, "तुम्हाला ते जाणून घ्यावंसं का वाटतंय?" इसिकेलीनं त्याच्याकडे असं पाहिलं जसं मासा समजून प्लास्टिक ओढल्यावर माणूस बघतो. तिसऱ्या आठवड्यात त्यानं विचारलंसुद्धा नाही.

"काही बोलला?" सिस्टरनी विचारलं.

"नाही. पण शांततेची प्रत बदलली आहे."

"म्हणजे?"

"आधी वाट बघत होता. आता बघत नाही."

सिस्टर इंजेक्शनच्या सुया मोजत होत्या. मोजता मोजताच म्हणाल्या, "तीन आठवडे तू त्या माणसाला सांगतोयस की तू कुणी नाहीस. आणि अपेक्षा काय, तर त्यानं कुणी नसलेल्याला सगळं सांगावं. पुढच्या शनिवारी समिती आहे."

चौथ्या आठवड्यात मंगळवारी इसिकेली आला आणि बसला. केलेपीनं वही मिटली.

"मी देलाइकुरोचा," तो म्हणाला. रेडिओवर सांगावं तसंच.

इसिकेलीनं मान वर केली. बराच वेळ बघितलं. मग उठला. भिंतीवरचं घड्याळ काढून काखेत मारलं. टेबलावरचा चहाचा डबा घेतला. केलेपीची पिशवी उघडली, त्यातला उकडलेला कसावा आणि डब्यातला मासा बाहेर काढून हुंगला, तोही घेतला.

"चार आठवडे," इसिकेली म्हणाला, "मी एका डोंगरी उंदरासमोर बसलोय आणि मला पत्ता नाही." आणि निघून गेला.

केलेपीनं वहीत नोंद केली: रुग्णानं पुढाकार घेतला. मग उपाशी बसला.

दुसऱ्या दिवशी इसिकेली वेळ न घेता आला. घड्याळ परत आणलं नव्हतं. खुर्चीत पाय पसरून बसला.

"मासा खारट होता."

"चोरीचा माल चाखून घ्यावा," केलेपी म्हणाला. "पण तुमच्या—" तो थांबला. तौवूला अहो-जाहो कुणी करत नाही. "पण तुझ्या गावात चाखायला वेळ कुठे मिळतो. मालक मागे धावत असतो."

इसिकेलीच्या दाढीत काहीतरी हललं. मग त्यानं खाली बघत बोलायला सुरुवात केली, आणि केलेपीनं काही न विचारता तो बोलत राहिला.

त्या दिवशी सकाळी वासिती म्हणाली होती, डोकं जड झालंय, आज लवकर ये. त्यानं पोरं शाळेत सोडली. येताना सवयीनं मागे गळ सोडला होता. खडकाच्या पलीकडे मासा लागला. दोर खडकात अडकला. दोर तोडला असता तर झालं असतं, पण नवा होता. चाळीस मिनिटं तो ते सोडवत बसला. घरी आला तेव्हा वासिती पाण्याच्या टाकीपाशी पडलेली होती.

"सगळ्यांना माहितेय," इसिकेली म्हणाला. "होडी खडकापाशी उभी दिसली होती लोकांना. पण कुणी बोलत नाही. पाद्री म्हणाला, देवाची इच्छा. बहीण म्हणाली, तुझा काय दोष. सगळे इतकं हळू बोलतात की मला वाटतं मीच मेलोय. रेडिओवरच्या नव्या पोरानं तर तिचं गावसुद्धा चुकीचं वाचलं. तू असतास तर निदान गाव बरोबर आलं असतं."

केलेपीला सुवाच्या बाई आठवल्या. त्या म्हणाल्या असत्या, भावना परत बोलून दाखव. म्हण की, तुम्हाला अपराधी वाटतंय.

"मासा केवढा होता?" केलेपीनं विचारलं.

इसिकेलीनं वर बघितलं. मग हात पुढे केला आणि अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली.

"वीतभर?"

"वीतभर."

"वीतभर माशासाठी चाळीस मिनिटं," केलेपी म्हणाला. "अरे, तुमच्या देवालाही लाज वाटेल. त्यानं निदान कोनफळ चोरलं तेव्हा मोठं बघून चोरलं."

त्याला वाटलं, संपलं. आता हा उठेल आणि मारेल, आणि ते योग्यच होईल.

इसिकेली हसला. एकदाच, खोकल्यासारखा. मग पुन्हा. मग हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं आणि तो रडायला लागला. कमरेला गुंडाळलेल्या सुलूच्या टोकात तोंड घालून, लहान पोरासारखा, आवाज करून. बाहेर रांगेतली माणसं उठून उभी राहिली. सिस्टरनी त्यांना बसवलं.

बऱ्याच वेळानं तो थांबला. "चाळीस मिनिटं आधी आलो असतो तर वाचली असती?"

"माहीत नाही," केलेपी म्हणाला. "मी डॉक्टर नाही. तसं म्हटलं तर मी रेडिओवाला."

इसिकेली म्हणाला, "बरं झालं. कुणीतरी माहीत नाही म्हणालं." आणि जाताना केलेपीची छत्री घेऊन गेला.

शुक्रवारी केलेपी समितीचा कागद भरायला बसला. मजकूर सोपा होता. अडलं शेवटच्या ओळीवर. रुग्णाशी तुमचं काही नातं आहे का?

"नाही लिही," सिस्टर म्हणाल्या. "तौवू म्हणजे रक्ताचं नव्हे."

"दोन देव सख्खे भाऊ होते, सिस्टर."

"देवांचं रक्त या कागदात येत नाही. 'आहे' लिहिलंस तर कागद बाद. मी समितीवर आहे, मला माहितेय."

केलेपीनं पेन हातात घोळवलं. "एकदा लपवलं तर चार आठवडे गेले," तो म्हणाला. आणि "आहे" लिहिलं.

सिस्टर पुढच्या रुग्णाकडे वळल्या. "ओंडक्याला पालवी फुटली," म्हणाल्या. "नको त्या वेळेला."

शनिवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात समिती बसली. पोरांचे आईबाप चटयांवर, पोरं कठड्याला लटकलेली. इसिकेली धुतलेला सदरा घालून मांडी घालून बसला होता, हात मांडीवर, नजर जमिनीच्या फळ्यांवर, तोंड मिटलेलं. दवाखान्यातल्या त्या खोलीबाहेर तो अजून एका माणसाशीही बोललेला नव्हता.

एरोनी मास्तरांनी कागद वाचला, खालपर्यंत गेले, चष्मा काढला.

"नातेवाइकाचा कागद चालत नाही."

"हो, मास्तर."

"मग लिहिलंस कशाला?"

"नातं आहे म्हणून, मास्तर."

मास्तरांनी कागदाची घडी घालून वहीत ठेवली. "तोंडी काही सांगायचं असेल तर सांग. आम्ही ऐकू. मोजू असं नाही."

केलेपी उठला. त्यानं तीन वाक्यं पाठ करून आणली होती. रुग्णाची प्रगती समाधानकारक आहे, असं पहिलं. त्यानं इसिकेलीकडे बघितलं. सगळा व्हरांडा इसिकेलीकडे बघत होता, तसाच हळू, मऊ, आजारी माणसाकडे बघतात तसा. केलेपीला कळलं की ते पहिलं वाक्य त्यानं म्हटलं तर तोही त्यांच्यात जाऊन बसणार, आणि इसिकेलीचं तोंड पुन्हा उघडणार नाही.

"हा माणूस वुनितावोलाचा," तो म्हणाला. "वुनितावोलाची माणसं समुद्रात राहतात, कारण जमिनीवर त्यांना कुणी उभं करत नाही. यांच्या देवानं आमच्या देवाचं कोनफळ चोरलं आणि कच्चंच खाल्लं, इतका हावरट. याच्या होडीत पोरं दिली तर पोरं पोचतील. डबे पोचतील का, हे मी सांगू शकत नाही."

कुणी हसलं नाही. केलेपीच्या आवाजात शिवी दिली तरी ती मयताच्या बातमीसारखीच लागते. एका बाईनं तर सवयीनं डोक्यावरचं फूल काढलं.

इसिकेली हलला नाही. मास्तरांनी चष्मा परत घातला. केलेपीच्या पाठीवरून घामाची धार खाली गेली. आपण एका माणसाचं घर घालवलं, आणि वर त्याला गावासमोर हावरट म्हणालो, असं त्याच्या मनात अगदी स्पष्ट आलं.

"कच्चं नव्हतं."

खाली फळ्यांकडे बघतच इसिकेली बोलला. सगळे वळले.

"काय?" केलेपी म्हणाला.

"कच्चं नव्हतं. भाजलं होतं. लाकडं तुमच्या देवानं फोडून दिली. त्याला वाटलं, पाहुण्याचं कोनफळ आहे." इसिकेलीनं मान वर केली. "इतका बावळट देव ज्या गावाचा, तिथला माणूस समुपदेशक झाला. चार आठवडे मला विचारतोय, तुम्हाला कसं वाटतंय. भूक लागलीय, असं वाटतंय! तुझ्या डब्यात धड मासासुद्धा नसतो!"

आता मात्र व्हरांडा फुटला. बायका एकमेकींच्या खांद्यावर पडल्या. हसण्याच्या गडबडीत कठड्यावरचं एक पोरगं नीट बघायला मिळावं म्हणून वर चढून उभं राहिलं. इसिकेलीनं हे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं.

"ए! खाली बस!"

पोरगं बसलं. बाकीची पोरंही बसली. मागे उभे असलेले आईबापही बसले. एरोनी मास्तर बसलेलेच होते, ते सरळ झाले.

मास्तरांनी बसलेल्या पोरांकडे बघितलं, मग इसिकेलीकडे.

"आवाज पोचतो," मास्तर म्हणाले.

"पोचतो," सिस्टर म्हणाल्या. "तसं लिहून घ्या."

मास्तरांनी लिहून घेतलं. समुपदेशकाचं मत काय लिहायचं, यावर थोडी चर्चा झाली. शेवटी "मत दिले" एवढंच लिहिलं. किल्ली परत मिळाली, पण एका अटीवर. पहिला आठवडाभर समुपदेशकानं रोज होडीत बसायचं आणि बघायचं.

सुवाच्या बाईंनी सीमारेषेबद्दल पुष्कळ शिकवलं होतं. होडीबद्दल काही नाही. सोमवारी सकाळी पोरं चढल्यापासून शाळेपर्यंत केलेपी तीनदा ओकला. बावीस पोरांनी मोजलं. तो डोंगरातला माणूस, गुडघ्याच्या वर पाणी त्याला कधी लागलेलं नाही. इसिकेली सुकाणूवर उभा राहून पोरांवर ओरडत होता, "खाली बसा! त्याच्याकडे बघू नका, तुम्हालाही होईल!" मागे गळ नव्हता.

पोरं शाळेत गेली. परतताना खडकाच्या पलीकडे इसिकेलीनं इंजिन बंद केलं. होडी डुलायला लागली. केलेपीनं काठ दोन्ही हातांनी धरला.

"इथंच," इसिकेली म्हणाला.

केलेपीनं पाण्याकडे बघितलं. बघण्यासारखं काही नव्हतं. "बरं," तो म्हणाला.

"पुढच्या शुक्रवारी तिची शंभरावी रात्र आहे. बहीण आणि मेहुणे येणार. माझी दाढी काढतील, काळा सदरा उतरवतील, दुःख उचलतील. मी येत नाही म्हणून सांगितलं होतं. म्हणजे सांगितलं नव्हतं, बोलतच नव्हतो. पण त्यांना कळलं होतं."

"आणि आता?"

"आता जावं लागेल." इसिकेलीनं दाढी खाजवली. "सगळे पुन्हा हळू बोलणार. मला ते जमणार नाही, केलेपी. मध्येच उठून जाईन मी, आणि मग तिचं सगळं अर्धवट राहील."

केलेपीनं काठावरचा एक हात सोडून तोंड पुसलं. इसिकेलीची फाइल त्यानं शनिवारीच बंद केली होती, खाली सही करून. आता समोर रुग्ण नव्हता. छत्री आणि घड्याळ चोरणारा एक माणूस होता, आणि या बेटावर केलेपीला तेवढाच एक मित्र होता.

"डुक्कर कापणार ना?" त्यानं विचारलं.

"कापणार."

"डोकं मानाचं. तुझ्यापुढे ठेवतील."

"ठेवतील."

"मी येतो," केलेपी म्हणाला. "सगळे डोळे पुसायला लागले की ते डोकं उचलून पळतो, आणि तू माझ्या मागे धाव. नाही धावलास, तर मी परत येईन, तुझ्या शेजारी बसेन, आणि तू उठेपर्यंत हलणार नाही. शब्द देतो."